घंटेची वहिवाट

वसईच्या किल्ल्याला किल्ला म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. परंतु उल्हास नदीच्या मुखाशी, खाडी आणि समुद्र यांच्या सांध्यावर, सुमारे साडेचार किलोमीटर घेराची तटबंदी ज्याच्याभोवती आजही बहुतांशी उभी आहे, ते स्थळ वस्तुतः एक नगर होते, आणि नगर म्हणून त्याच्याकडे पाहिले नाही तर आतल्या पडक्या भिंतींचा अर्थच लागत नाही. सह्याद्रीतल्या गिरिदुर्गांवर मुख्यत्वे शिबंदी राही, दाणागोटा आणि दारूगोळा राही. इथे तटाच्या आत कप्तानाचा वाडा होता, कचेरी होती, बाजार होता, रुग्णालय होते, खानदानी पोर्तुगीज कुटुंबांची प्रशस्त घरे होती, त्या घरांत राबणारे गुलाम होते, आणि या सर्वांच्या वर निरनिराळ्या ख्रिस्ती संघांनी उभारलेल्या चर्चांचे मनोरे होते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ सालच्या अखेरीस तहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला, १५३६ मध्ये तटबंदीचे काम सुरू झाले, आणि तेव्हापासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, उत्तरेकडील फिरंगाणाचे हे मुख्य ठाणे राहिले. इतक्या दीर्घ अवधीत माणसे या भिंतींच्या आत जन्मली, इथल्याच चर्चांत त्यांचा बाप्तिस्मा झाला, लग्ने लागली, आणि इथल्याच फरशीखाली ती पुरली गेली. मग एका वैशाखात ती वस्ती उठली आणि चर्चे मागे राहिली. या नगरातून हिंडताना जो प्रश्न मनाची पाठ सोडीत नाही तो असा: उपासक निघून गेल्यावर देवस्थानात देव राहतो काय, आणि राहत असेल, तर तो कोणाचा म्हणावा?

अशा ठिकाणी एकट्याने भटकण्यापेक्षा तिथल्याच माणसाच्या मागोमाग चालावे. आमच्या मेळ्याला वाट दाखवणारा तरुण वसईतल्याच एका ख्रिस्ती वाडीत वाढलेला, इतिहासाचा पदवीधर आणि मराठीवर आईइतके प्रेम करणारा होता. जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरताना त्याने प्रथम आम्हांला बुरुजांची नावे सांगितली, आणि ती ऐकताना हे नगर बांधणाऱ्यांची श्रद्धा कोणत्या जातीची होती हे लक्षात आले. सान सेबास्तियाव, सान पेद्रो, सान पावलो, सान्तियागो, सान गोन्सालो, देवमातेच्या नावाचा एक, आणि बाळ येशूच्या दर्शनाला दूरदेशाहून आलेल्या त्या राजांच्या नावाचा एक: तटाचा कोपरा न् कोपरा एकेका संताच्या हवाली केलेला होता. आपणही बुरुजाला मारुतीचे नाव देतो आणि दरवाज्यावर गणपती बसवतो. तोफेचा पल्ला जिथे संपतो तिथून पुढे रक्षणाची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी असते, ही भावना दोन्हीकडे एकच. आणि तरीही, मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांच्या सैन्याने सुरुंग लावून १७३९ च्या मे महिन्यात तटाला खिंडार पाडले ते सेबास्तियावाच्याच बुरुजाशी. तटाच्या आत जे त्या संताला हाक मारीत होते त्यांची हाक खरी होती. तटाबाहेर वज्रेश्वरी देवीला नवस बोलणाऱ्या अप्पांची हाकही खरी होती. एकाला यश आले, एकाला आले नाही, यावरून एकाचा देव खरा आणि दुसऱ्याचा खोटा असे ठरवणे ज्यांना सोपे वाटते त्यांनी पराभूतांच्या थडग्यांशी क्षणभर उभे राहावे, एवढेच म्हणता येईल.

ती थडगी फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनी चर्चमध्ये आहेत. छत गेलेले, वेदी गेलेली, कमानींच्या सांध्यांतून पिंपळ आणि वड उगवलेले. पण पायांखालची फरशी म्हणजे ओळीने बसवलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हे आणि पोर्तुगीज लेख कोरलेले आहेत, आणि सोळाव्या शतकातले मृत्युलेख अजून वाचता येतात. आमच्या मेळ्यात पुण्याहून आलेल्या एक साठीच्या बाई होत्या. त्या चर्चच्या उंबऱ्याशी थांबल्या आणि त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. तो तरुण चटकन पुढे झाला.

“मावशी, राहू द्या. आमच्यात चर्चमध्ये चपला घालूनच जातात. आणि इथे आता मिस्सा होत नाही, काटे आहेत नुसते.”

“असू दे रे बाळा,” त्या म्हणाल्या, “देवाचं घर आहे ना?”

“होतं, मावशी.”

“होतं म्हणजे? घर त्याचंच आहे की.”

आणि त्या अनवाणीच आत आल्या, थडग्यांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत राहिल्या. तरुण काही बोलला नाही. पण पुढे कितीतरी वेळ त्याच्या आवाजातला पाठ केल्यासारखा वेग कमी झाला होता. मला मात्र त्या दोघांच्या बोलण्यात दोन स्वतंत्र शास्त्रे समोरासमोर उभी राहिल्यासारखी वाटली, आणि गंमत अशी नव्हे तर गांभीर्य असे की, त्या बाई स्वतःच्या धर्मशास्त्राच्या आधाराने बोलत नव्हत्या आणि तो तरुण मात्र स्वतःच्या धर्मशास्त्राला धरून बोलत होता.

रोमन चर्चचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. चर्च म्हणून बांधलेली वास्तू केवळ बांधल्याने पवित्र होत नाही. बिशप तिचे विधिपूर्वक समर्पण करतो, भिंतींवर ठरलेल्या जागी पवित्र तेलाचे क्रूस रेखतो, वेदीत संतांचे अवशेष प्रतिष्ठित करतो. आणि जी गोष्ट विधीने येते ती जाऊही शकते: वास्तूचा मोठा भाग नष्ट झाला, किंवा ती कायमची ऐहिक उपयोगाकडे वळवली गेली, तर तिचे समर्पण संपुष्टात येते. त्या अर्थाने संत अंतोनीचे ते अवशिष्ट मंदिर आज शिळांचा संचय आहे, आणि ‘होतं, मावशी’ हे त्या तरुणाचे उत्तर काटेकोर होते.

आमच्याकडचे आगमशास्त्रही फार वेगळे सांगत नाही. मूर्तिकाराच्या हातून आलेला पाषाण प्राणप्रतिष्ठेने देव होतो. मूर्ती भंगली, तर तिच्यातले तत्त्व विधीने कलशात उतरवून घेतात, नव्या मूर्तीत त्याची स्थापना करतात आणि जुनी मूर्ती जलाशयात सोडतात. आवाहन जसे शास्त्रसिद्ध तसेच विसर्जनही शास्त्रसिद्ध. दहा दिवस घरात देव म्हणून नांदलेल्या गणपतीची माती पाण्यात जाताना आपल्याला दुःख होते, पण पाप लागल्याचे भय वाटत नाही. मात्र याच परंपरेने स्वयंभू लिंगाला वेगळे स्थान दिले आहे. त्याची कोणी स्थापना केलेली नसते म्हणून त्याचे कोणी उत्थापनही करू शकत नाही. वर मंदिर असो वा नसो, ते देवच राहते. तीर्थांची आणि क्षेत्रांची कल्पना याच्याही पलीकडे जाते: तिथे पावित्र्य वास्तूचे नसून भूमीचे आहे. महानुभावांनी तर चक्रधरस्वामी ज्या ओट्यावर बसले, ज्या वाटेने गेले, ज्या झाडाखाली टेकले, त्या जागांची नोंद ‘स्थानपोथी’त करून ठेवली. मूर्तिपूजेला ज्या पंथाने इतका विरोध केला त्यानेच जागेच्या स्मृतीला इतके जपावे, ही मराठी धर्मजीवनातली अत्यंत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. पावित्र्य विधीने येते आणि जाते हे एक मत. एकदा स्पर्श झाला की ते जागेला सोडीत नाही हे दुसरे मत. त्या पुण्याच्या बाई दुसऱ्या मताच्या होत्या, आणि त्यांनी ते मत परक्या धर्माच्या पडक्या वास्तूला लावताना क्षणाचाही विलंब केला नव्हता.

परंतु ही चर्चा वसईत करायची तर केवळ तत्त्वाच्या हवेत करता येत नाही, कारण इथल्या प्रत्येक देवस्थानाखाली कोणत्या ना कोणत्या बळजबरीचा थर आहे. पोर्तुगीज अंमलात या मुलखातली देवळे पाडली गेली, देवस्थानांच्या जमिनी ख्रिस्ती संघांकडे गेल्या, सणावारांना आणि लग्नविधींना मनाई झाली. गुंज येथील वज्रेश्वरीचे मूळ देऊळ त्यांच्याच अंमलात नष्ट झाले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यात, जिथे शिव नाचताना कोरलेला आहे, तिथे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी चर्च थाटले, वरच्या टेकाडावर मठ बांधला, आणि आतल्या एका भिंतीवर क्रूस खोदला. या जाचाला कंटाळून गंगाजी नाईक अणजूरकरांसारखी माणसे पेशव्यांच्या दारी गेली. ‘साष्टीच्या बखरी’ने ती कथा जतन केली आहे. मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली, ठाणे त्याच वर्षी हाती आले, आणि वसईने मात्र मराठ्यांची हजारो माणसे खाऊन मगच दरवाजा उघडला. चिमाजी अप्पांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना त्या रणाचे सविस्तर वर्तमान लिहिले आहे. ते वाचताना विजयाच्या आनंदाइतकाच शत्रूच्या शौर्याचा आदरही जाणवतो. शरणागतीच्या कलमांत नगर सोडून जाणाऱ्यांना आपली चीजवस्त आणि चर्चांतल्या मूर्ती नेण्याची मुभा होती, आणि मागे राहणाऱ्यांना धर्माचरणाची मोकळीक होती. वसईच्या वाड्यांतून आज ख्रिस्ती समाज मराठीच्या आपापल्या बोली बोलत नांदतो आहे, याचे एक कारण ती कलमे होत. झालेल्या जुलमाचा बदला पुढच्या प्रत्येक विजेत्याने त्याच मापाने घेतला असता, तर या किनाऱ्यावर आज कोणतेच देवस्थान शिल्लक नसते.

आठ दिवसांत नगर रिकामे करून देणाऱ्यांनी मूर्ती नेल्या, पात्रे नेली; मनोऱ्यांवरच्या जड घंटा मागे राहिल्या. वसईतल्या आणि आसपासच्या चर्चांतल्या त्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या आणि देवळांत बांधल्या गेल्या. नाशिकला रामकुंडाजवळ नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळापुढे जी घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर चढले हे सांगताना नाशिककर आजही नारोशंकराच्या घंटेचे नाव घेतात. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणिसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर जी घंटा आहे तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. भीमाशंकराला एक आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला एक आहे, आणखीही काही ठिकाणी आहेत. सान सेबास्तियावाच्या बुरुजाशेजारच्या सावलीत बसून तो तरुण ही नावे सांगत होता, तेव्हा आमच्या मेळ्यातले बहुतेक लोक त्यांपैकी एखादी तरी घंटा स्वतःच्या हाताने वाजवून आलेले होते, आणि ती कुठली आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते.

इथे थोडे थांबून घंटेचा विचार केला पाहिजे. कारण पावित्र्याचा जो प्रश्न मी वर मांडला त्याचे उत्तर, माझ्या मते, पडक्या भिंतींपेक्षा या स्थलांतरित घंटांपाशी अधिक स्पष्ट सापडते. कॅथलिक चर्चमध्ये नवी घंटा मनोऱ्यावर चढवण्यापूर्वी तिचा विधी होई, आणि लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. बिशप तिला मंत्रित जलाने आतून-बाहेरून स्नान घाली. मग बाहेरच्या अंगाला तेलाचे सात क्रूस आणि आतल्या अंगाला चार क्रूस रेखी. तिच्या पोकळीत धूप भरू देई. एखाद्या संताचे नाव तिला देई. आणि प्रार्थना अशी असे की, हिचा नाद जिथवर पोहोचेल तिथवरून दुष्ट शक्ती पळून जाव्यात, वादळे आणि विजा शमाव्यात, आणि श्रद्धावंतांनी देवाच्या घराकडे यावे. आता आपल्याकडचा पूजाविधी आठवावा. देवाला स्नान घालण्यापूर्वी कलशाची, शंखाची आणि घंटेची पूजा होते. घंटेला गंध-अक्षता वाहून ती वाजवताना जो संकल्प म्हणतात त्याचा आशय हाच की, या नादाने देवांनी यावे आणि राक्षसांनी निघून जावे. ज्यांची देवविषयक मते, मोक्षविषयक मते, मूर्तीविषयक मते एकमेकांत मिसळणे अशक्य, त्या दोन परंपरांनी घंटेकडून मात्र एकच काम अपेक्षिले, आणि ते काम करण्यासाठी तिला स्नान, लेपन, धूप आणि पूजा यांची जवळपास एकच दीक्षा दिली.

घंटेचे धातू त्या काळात काय किमतीचे होते याचा विसर पडू देऊ नये. तांबे आणि कथील यांचाच तो मिश्रधातू ज्याच्या तोफा ओतल्या जात, आणि तोफांची गरज मराठ्यांना होती. तरीही या घंटा भट्टीत गेल्या नाहीत. ज्यांनी त्या उतरवल्या त्यांनी त्या देवाच्याच दारी नेऊन टांगल्या. हे विजयचिन्ह होते, यात शंका नाही, आणि त्याला सर्वधर्मसमभावाचे आजचे वस्त्र नेसवणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. पण विजयचिन्ह म्हणून ध्वज मिरवता येतो, तलवार दरबारात टांगता येते. घंटा देवळात बांधून तिचा नाद आपल्या देवाला ऐकवणे, यात ती वस्तू पवित्र कामाची आहे, दुसऱ्या कशाची नाही, ही मूक कबुली आहे. तिच्यावरची मरियेची आकृती घासून टाकणे कठीण नव्हते. मेणवलीला ती अजून आहे.

तेव्हा या घंटा पवित्र आहेत त्या कशाने? बिशपाच्या तेलाने म्हणावे, तर ते तेल ज्या हाकेसाठी लावले होते ती हाक त्या आता देत नाहीत. आपल्या पुजाऱ्याने वाहिलेल्या गंधाने म्हणावे, तर ते गंध वाहणारालाही ही वस्तू आधीच कोणाच्या तरी देवाची आहे हे माहीत होते. मला वाटते, पावित्र्य ही मालकीची बाब नसून वहिवाटीची बाब आहे. आपल्या गावाकडे एकाच्या शेतातून दुसऱ्याची पाऊलवाट जाते. सातबारा एकाचा असतो, वाट सर्वांची असते, आणि तिचा दाखला कागदावर नसून तिथल्या घट्ट झालेल्या मातीवर असतो. माणसे जोवर चालतात तोवर वाट राहते. चालणे थांबले की दोन पावसाळ्यांत तिच्यावर गवत येते. देवाकडे जाण्याच्या जागाही अशाच राहतात. विधी त्यांना आरंभ देतो, पण विधीने त्या टिकत नाहीत. हाक मारणारा कोणीतरी रोज तिथे यावा लागतो. म्हणूनच स्वयंभू आणि स्थापित हा भेदही मला अखेरीस हाक मारणाऱ्यांच्या सातत्याचा भेद वाटतो: ज्या जागेकडे माणसे आठवणीपलीकडच्या काळापासून येत राहिली, तिचा आरंभ कोणी केला हेच विस्मृत झाले, आणि तिला आपण स्वयंभू म्हटले.

या विचारावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. वहिवाटीने हक्क सिद्ध होतो असे म्हटले, तर बळाने घेतलेल्या जागेवरही पुरेसा काळ पूजा केली की ती न्याय्य ठरेल. मग मंडपेश्वरात खोदलेला क्रूसही न्याय्य, आणि वसईहून नेलेली घंटाही न्याय्य. कायदाही इतका उदार नाही: जबरदस्तीने चालवलेल्या वहिवाटीला तो हक्क म्हणून मानीत नाही. माझे उत्तर असे की, इथे दोन हिशेब आहेत आणि ते एका वहीत मांडता येत नाहीत. देऊळ पाडणाऱ्याचा अपराध, देऊळ पडल्याचे दुःख, आणि त्याच्या बदल्यात घेतलेल्या वस्तूची नैतिकता, हा इतिहासाचा हिशेब. तो काळ लोटला म्हणून फिटत नाही, आणि तो विसरायला सांगणारा माणूस धर्माचा मित्र नव्हे. पण भीमाशंकराला पहाटेच्या धुक्यात चढून आलेली जुन्नरकडची एखादी म्हातारी जेव्हा टाचा उंचावून ती घंटा वाजवते, तेव्हा तिच्या हाकेत १७३९ ची लूट मिसळलेली नसते. त्याचप्रमाणे मंडपेश्वराच्या लेण्यात ज्या कुणब्याने पोर्तुगीज अंमलात ख्रिस्ताची प्रार्थना केली, त्याच्या प्रार्थनेत शिवाचा अपमान नव्हता. त्याला त्याच्या बापाने तिथे आणले होते. अपराध करणाऱ्याचा असतो; हाक मात्र हाक मारणाऱ्याची असते, आणि ती मागच्याच्या अपराधाने विटाळत नाही. हे मी सहिष्णुता म्हणून सांगत नाही. दुसऱ्याच्या भक्तीविषयी याहून वेगळे काही म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही, म्हणून सांगतो.

वहिवाटीचा आणखी एक गुण असा की ती एकाची म्हणून दुसऱ्याची नाही असे होत नाही. किल्ल्याच्या आत मराठ्यांनी स्थापिलेल्या नागेश्वराच्या मंदिरात आज पूजा होते. तिथे आम्ही सर्वांनी, त्या तरुणासकट, चपला काढल्या. तिथून थोड्या अंतरावर जेझुइटांच्या पडक्या चर्चची दर्शनी भिंत आहे, आणि तिथल्या मंडळींनी ते स्थान गोन्सालो गार्सियाच्या नावाने जागते ठेवले आहे. हा गोन्सालो वसईतच जन्मला, बाप पोर्तुगीज आणि आई इथली. जेझुइटांच्या छायेत वाढला, पूर्वेकडे व्यापाराला गेला, फ्रान्सिस्कनांत सामील झाला, आणि १५९७ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये नागासाकी येथे क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये पोपने त्याला संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. त्याच्या सणाला छत नसलेल्या त्या भिंतींत वेदी मांडली जाते, आणि मे महिन्यात याच नगरात चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी विजयाचा उत्सव होतो. नियमाच्या दृष्टीने ज्या चर्चचे समर्पण केव्हाच संपले, तिथे वर्षातून एकदा का होईना लोक देवाला बोलावतात, आणि त्या दिवशी तिथे देव नाही असे म्हणण्याचे धैर्य कोणते शास्त्र करील? वज्रेश्वरीच्या बाबतीत याच सत्याची दुसरी बाजू दिसते: नवस फेडण्यासाठी बांधलेले तिचे नवे देऊळ तटबंदीचे आहे, वर जायला पायऱ्या आहेत, त्याच्या नगारखान्याला वसईच्या दरवाजाचे रूप दिलेले आहे, म्हणजे ज्या किल्ल्याने एका देवीचे देऊळ घालवले त्याचाच आकार दुसऱ्या ठिकाणी तिचे घर झाला. आणि वसईच्या खाणींतला काळा पाषाण त्याआधीच गोव्याला जाऊन बोम जेझूच्या बाझिलिकेच्या दर्शनी भागात बसलेला होता. दगडही असे वाटचाल करतात, घंटा करतात, माणसे करतात.

दर्यादरवाज्याशी फेरी संपली. भक्कम दारांपलीकडे किल्लाबंदरचा कोळीवाडा, होड्या, वाळत घातलेले बोंबील. तिथे मेळ्यातल्या एका तरुण मुलाने तो प्रश्न सरळच विचारला: “दादा, मग त्या घंटा वसईला परत द्यायला हव्यात ना?”

वाट दाखवणारा तरुण जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “माझ्या आजीला विचारलं होतं मी एकदा. ती म्हणाली, देवाच्या दारात वाजतात ना, मग वाजू देत. पण त्या आपल्या आहेत एवढं त्यांना सांग.”

मला यात भर घालायची आहे ती एवढीच की, आजीच्या त्या दोन वाक्यांपैकी दुसरे आपण अजून ऐकलेले नाही. घंटा जिथे आहेत तिथेच राहाव्यात, कारण पावणेतीनशे वर्षांच्या हाकांनी त्या तिथल्या झाल्या आहेत. त्या परत उतरवून आणणे म्हणजे पूर्वीच्याच कृत्याची उलटी आवृत्ती होईल. पण नाशिकच्या, मेणवलीच्या, भीमाशंकराच्या देवस्थानांनी घंटेजवळ मराठीत चार ओळींची शिळा बसवावी: ही कोणत्या किनाऱ्यावरून आली, कोणत्या साली ओतली गेली, कोणाच्या मनोऱ्यावर होती, आणि कोणत्या युद्धानंतर इथे बांधली गेली. तिच्यावरची अक्षरे शेंदूर-तेलाखाली बुजू देऊ नयेत. आणि वसईच्या नगरातही, पोर्तुगिजांच्या चर्चांचे फलक लावताना, त्यांच्या अंमलात या मुलखातली कोणती देवळे गेली हे त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. ही मागणी त्या तरुणाने पुरातत्त्व खात्याकडे आणि एका देवस्थानच्या विश्वस्तांकडे लेखी पाठवली आहे. ती मान्य होईल तेव्हा त्या पुण्याच्या बाईंना नाशिकला जाऊन घंटा वाजवायची आहे. त्यांनी तसे त्याला कबूल केले, आणि मिस्साच्या दिवशी जेझुइटांच्या चर्चमध्ये कुठे उभे राहायचे, हेही विचारून ठेवले.